गोदाकाठच्या दोन पायला

गोड्या पाण्यात राहणाऱ्या शंखधारी प्राण्यांपैकी आकाराने सर्वांत मोठ्या गोगलगायी ज्या कुलात मोडतात, त्या ॲम्प्युलॅरिइडी कुलाचे भारतातील प्रतिनिधी प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘पायला’ या नावाने परिचित आहेत. शंखाच्या गोल, फुगीर आकारामुळे या कुलातील प्राण्यांना जगभर ॲपल स्नेल म्हणतात. शेतात किंवा घराच्या भिंतीवर चढणाऱ्या गोगलगायीशी त्यांचे नाते दूरचे असून नदी, तलाव, भातखाचरे, पाटाचे पाझर आणि पावसाळी डबकी ही त्यांची घरे होत. नाशिक जिल्ह्यात या प्राण्याला अनुकूल अशी पाण्याची ठिकाणे मुबलक आहेत. पश्चिमेला त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांतील भाताची खाचरे, मध्यभागी गंगापूर आणि दारणा या धरणांचे जलाशय व कालवे, आणि पूर्वेला निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरचे उथळ, गाळाने भरलेले पाणथळ. असे असूनही या जिल्ह्यातील, किंबहुना एकूण महाराष्ट्रातील पायलाविषयी साधा वाटणारा एक प्रश्न पुरेशा काळजीने विचारला जात नाही. तो प्रश्न असा, की समोर असलेली पायला नेमकी कोणत्या जातीची आहे?

प्रश्न उद्भवतो तो दोन जातींमुळे. जाती म्हणजे आपसांत प्रजनन करून जननक्षम संतती निर्माण करणाऱ्या प्राण्यांचा समूह, आणि अशा निकटच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती. पायला ही प्रजाती 1798 मध्ये रोडिंग या अभ्यासकाने स्थापन केली असून तिच्या जाती आफ्रिका आणि आशिया या दोन्ही खंडांत आढळतात. भारतातील सर्वांत परिचित अशा दोन जातींना योगायोगाने एकाच वर्षी, म्हणजे 1822 मध्ये, शास्त्रीय नावे मिळाली: इंग्रज निसर्गअभ्यासक विल्यम स्वेनसन यांनी एकीचे वर्णन ‘ग्लोबोसा’ या नावाने केले, तर फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लामार्क यांनी दुसरीचे ‘व्हायरेन्स’ या नावाने. पायला ग्लोबोसा ही प्रामुख्याने उत्तर भारताची, गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या मैदानी खोऱ्यांची आणि बंगालच्या पाणथळ प्रदेशाची रहिवासी आहे. पायला व्हायरेन्स ही द्वीपकल्पाची, म्हणजे तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र आणि दख्खनच्या पठाराची. गोदावरी त्र्यंबकजवळच्या ब्रह्मगिरीत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत दख्खन ओलांडते, त्यामुळे भूगोलाच्या न्यायाने नाशिकच्या पाण्यात प्रथम अपेक्षा धरायची ती व्हायरेन्सची.

प्रत्यक्षात मात्र महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले ते ग्लोबोसाचे नाव. याचे कारण पाठ्यपुस्तकांच्या इतिहासात आहे. भारतीय प्राण्यांच्या शरीररचनेचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत कलकत्ता आणि लखनौ या केंद्रांभोवती झाला. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झालेले बैनी प्रसाद यांनी 1925 मध्ये पायला ग्लोबोसाच्या शरीररचनेवरचा विस्तृत प्रबंध कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या प्रकाशनमालेत प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर लखनौहून निघालेल्या प्राणिशास्त्रीय पुस्तकमालेत याच प्राण्यावरचे त्यांचे विद्यार्थ्यांसाठीचे पुस्तक आले. त्या पुस्तकाचा दर्जा इतका उत्तम होता, की पदवी वर्गाच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकाने मृदुकाय प्राण्यांचे (म्हणजे गोगलगायी, शिंपले, माखली यांच्या मोठ्या संघाचे) नमुनादाखल उदाहरण म्हणून ग्लोबोसालाच निवडले. बंगालच्या तळ्यात आढळणाऱ्या प्राण्याचे वर्णन अशा रीतीने दख्खनच्या प्रयोगशाळेत पोहोचले आणि प्रयोगशाळेत आणलेल्या स्थानिक प्राण्याला तेच नाव चिकटले. महाराष्ट्रातून प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनात आजही दोन्ही नावे भेटतात. त्यातील प्रत्येक ग्लोबोसा खरोखर ग्लोबोसाच आहे असे मानणे जसे धाडसाचे आहे, तसेच ती सारी चुकीची आहेत असे म्हणणेही अन्यायाचे आहे. मत्स्यबीजाबरोबर, पाणवनस्पतींबरोबर आणि माणसाच्या हाताने गोगलगायी दूरवर जातात, आणि म्हणून प्रत्येक ठिकाणचा नमुना पाहूनच निर्णय द्यावा लागतो.

तो कसा द्यायचा? सर्वसाधारणपणे ग्लोबोसाचा शंख अधिक गोल असतो. शंखाचे शेवटचे आणि सर्वांत मोठे वेटोळे इतके फुगलेले असते की उंची आणि रुंदी यांत फारसे अंतर राहत नाही, आणि वरची लहान वेटोळी मिळून होणारे शिखर बुटके, जणू मोठ्या वेटोळ्यात दबलेले दिसते. व्हायरेन्सचा शंख त्या मानाने किंचित लांबट व अंडाकृतीकडे झुकणारा, पृष्ठभाग गुळगुळीत आणि रंग हिरवट किंवा शेवाळी असतो. हे वर्णन वाचायला सोपे असले तरी काठावर सापडलेल्या एकट्या शंखाला ते लावणे कठीण असते, कारण रंग शंखाच्या सर्वांत बाहेरच्या, सेंद्रिय द्रव्याच्या पातळ थरात असतो, आणि हा थर उन्हाने, घर्षणाने व आम्लधर्मी पाण्याने झिजतो. महिनाभर उन्हात पडलेला शंख दोन्ही जातींचा सारखाच पांढुरका दिसतो. त्यात भर म्हणजे नर व मादी यांच्या शंखांत फरक असतो. बहुतेक भूचर गोगलगायी उभयलिंगी असल्या तरी पायलामध्ये नर आणि मादी वेगळे असतात, आणि नराचा शंख सामान्यतः लहान व कमी फुगीर असतो. त्यामुळे ग्लोबोसाचा नर आणि व्हायरेन्सची मादी शेजारी ठेवल्यास नुसत्या फुगीरपणावरून निकाल देणारा हमखास फसतो. अभ्यासक म्हणूनच शंखाचे मुख, मुखाशेजारची ‘नाभी’ नावाची फट, वेटोळ्यांमधील शिवण, जननेंद्रियांची रचना आणि आता जनुकीय पुरावा या सगळ्यांचा एकत्र विचार करतात. एच. बी. प्रेस्टन यांचा ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतील 1915 चा खंड आणि एन. व्ही. सुब्बा राव यांनी लिहिलेले, भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने 1989 मध्ये प्रसिद्ध केलेले गोड्या पाण्यातील मृदुकाय प्राण्यांचे हस्तपुस्तक हे या कामातले दोन मुख्य आधार आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही जिज्ञासू शिक्षकाने दुसरे पुस्तक तरी हाताशी ठेवावे.

दोन्ही जातींना एका प्रजातीत बांधणारी खूण मात्र नवख्यालाही ओळखता येते, आणि ती म्हणजे शंखाच्या मुखावरचे झाकण, ज्याला शास्त्रीय परिभाषेत प्रच्छद म्हणतात. पायला आपले मांसल शरीर आत ओढून घेते तेव्हा पायाच्या मागच्या भागावर बसवलेले हे झाकण मुखात तंतोतंत बसते. त्याची बाहेरची बाजू पाहिली तर मध्याच्या जरा बाजूला एक छोटा केंद्रबिंदू आणि त्याभोवती एकामागून एक वाढत गेलेली वर्तुळे दिसतात. प्राणी वाढला तसे झाकणही कडेकडेने वाढत गेले, त्याची ती नोंद असते. आतल्या बाजूला मलईच्या रंगाचा लंबगोल उंचवटा असतो, त्यावर झाकण ओढून घट्ट बसवणारे स्नायू चिकटलेले असतात आणि उंचवट्याभोवती एक खोलगट चर असते. बाहेरचा थर शिंगासारख्या द्रव्याचा असला तरी आतला थर चुन्याचा असल्यामुळे संपूर्ण झाकण कठीण असते, ते नखाने वाकत नाही आणि फरशीवर टाकल्यास टणक आवाज करते. हा चुनखडीचा थर पायलाची ओळख आहे. त्याचे महत्त्व केवळ वर्गीकरणापुरते नाही, हे पुढे येईलच.

झाकणाची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. पायलाच्या शरीरात श्वसनाची दोन साधने एकाच वेळी असतात. शंखाच्या आत शरीराला झाकणाऱ्या पडद्याला प्रावार म्हणतात आणि त्याखालच्या पोकळीचे एका कंगोऱ्याने दोन भाग केलेले असतात: उजव्या भागात पाण्यातला प्राणवायू घेणारा कल्ला, डाव्या भागात हवेतला प्राणवायू घेणारी फुप्फुसाची पिशवी. पाणी भरपूर आणि ताजे असले की कल्ल्याने भागते. पाणी साचून त्यातला प्राणवायू कमी झाला की प्राणी पृष्ठभागाशी येतो, डोक्याच्या डाव्या बाजूच्या मांसल घडीची नळी करून ती पाण्याबाहेर काढतो आणि शरीर आतबाहेर हलवून फुप्फुसात हवा भरतो. पाणी आटलेच तर तो चिखलात खोल शिरतो, झाकण लावून घेतो आणि पाऊस पडेपर्यंत निश्चल राहतो. या अवस्थेला ग्रीष्मनिष्क्रियता म्हणतात. व्ही. आर. मीनाक्षी यांनी 1950 आणि 1960 च्या दशकांत दक्षिण भारतातील पायला व्हायरेन्सवर याच विषयाचे महत्त्वाचे काम केले, आणि निष्क्रिय काळात हा प्राणी बाहेरच्या प्राणवायूवाचून, शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनसारख्या पदार्थांपासून ऊर्जा मिळवून कसा तगतो यावर प्रकाश टाकला. ग्लोबोसाच्या शरीररचनेचे जगमान्य वर्णन उत्तरेत झाले आणि व्हायरेन्सच्या उन्हाळी निद्रेचे दक्षिणेत. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात, म्हणजे महाराष्ट्रात, या दोन जाती आपापल्या कुठल्या पाण्यात आणि किती काळ निष्क्रिय राहतात, याची सलग नोंद करणे हे स्थानिक महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगे आणि खरोखर उपयोगी काम आहे. इगतपुरीच्या खाचरात पावसाळ्यानंतर लवकर पाणी ओसरते, येवला व सिन्नरच्या बाजूला पाझर तलाव मार्च-एप्रिलमध्येच कोरडे पडतात, तर नांदूर मध्यमेश्वरला धरणांतून सुटणाऱ्या आवर्तनांमुळे पाणी वर्षभर राहते पण त्याची पातळी वरखाली होत असते. एकाच जिल्ह्यात इतकी भिन्न जलमाने असणे ही अभ्यासकाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ माणसाच्या हातून घडले आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ 1907 ते 1913 या काळात दगडी बंधारा बांधला गेला तो सिंचनासाठी, पण त्यामागे शंभर वर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली आणि त्यांवर पाणवनस्पती वाढल्या. अभियंत्याच्या हिशेबात हा तोटा होता, पक्ष्यांच्या व गोगलगायींच्या हिशेबात लाभ. 1986 मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले, आणि पाणथळांविषयीच्या रामसर कराराच्या यादीत 2019 मध्ये 1,437 हेक्टर क्षेत्राची नोंद होऊन ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. चापडगावच्या बाजूने येणारे पर्यटक दुर्बिणीतून बदके, रोहित आणि क्रौंच शोधतात. पाण्याखालच्या प्राण्यांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते, वास्तविक येथील पक्ष्यांपैकी एकाचे अस्तित्व बऱ्याच अंशी पायलासारख्या गोगलगायींवर अवलंबून आहे.

हा पक्षी म्हणजे मुग्धबलाक किंवा उघड्या चोचीचा करकोचा. पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याची चोच मिटली तरी मध्यभागी तिच्यात स्पष्ट फट राहते, आणि या फटीचा उपयोग काय, याविषयी शतकभर तर्क चालले. एकोणिसाव्या शतकात टी. सी. जर्डन यांनी नोंदवले की डोळे बांधलेला मुग्धबलाकही गोगलगाय पकडून खाऊ शकतो, म्हणजे त्याचे काम दृष्टीपेक्षा चोचीच्या स्पर्शाने चालते. पुढे ज्युलियन हक्सले यांनी संग्रहालयातील नमुने आणि उपलब्ध नोंदी तपासून असे मत दिले, की पक्षी या फटीत शंख धरून तो अडकित्त्याप्रमाणे फोडत असावा. नंतरच्या निरीक्षणांनी, विशेषतः एम. पी. काल यांच्या 1971 च्या अभ्यासाने, ही कल्पना मागे पडली. पक्षी शंख फोडत नाही. तो चोच पाण्यात ठेवूनच शंख चिखलावर दाबून धरतो, खालच्या चोचीचे अरुंद, बहुधा उजवीकडे किंचित वळलेले टोक झाकणाच्या कडेने आत सारतो आणि शरीराला शंखाच्या मधल्या स्तंभाशी बांधून ठेवणारा स्नायू तोडतो. तो स्नायू तुटला की आतले मांस झाकणासह बाहेर येते आणि शंख अखंड राहतो. म्हणूनच मुग्धबलाकांच्या चरण्याच्या जागी काठावर मिळणारे रिकामे, न तुटलेले शंख हे पायलाची नोंद घेणाऱ्याला आयते नमुने पुरवतात, मात्र त्यांत झाकण नसते हे लक्षात ठेवावे लागते.

पायलाचे स्वतःचे अन्न मुख्यतः वनस्पतिजन्य आहे. तोंडात असलेल्या, कानशीप्रमाणे दातांच्या आडव्या ओळींनी भरलेल्या पट्टीने ती पाणवनस्पतींची कोवळी पाने आणि दगडांवरचे शेवाळ खरवडून खाते. कुजणाऱ्या वनस्पती, पाणवेलीचे कोवळे भाग आणि शेवाळ यांचे मांसात रूपांतर करून ते मासे, खेकडे, पाणमांजरे, बदके आणि करकोचे यांच्यापर्यंत पोहोचवणारा हा पाण्यातला एक मधला दुवा आहे. बंगाल, बिहार, झारखंड आणि ईशान्य भारतात माणूसही पायला खातो, आणि कोळंबी व मत्स्यपालनात तिचे मांस खाद्य म्हणून वापरले जाते. आयुर्वेदात शंबूक भस्म म्हणून जे औषध बनते त्याचा मूळ पदार्थ अशाच गोड्या पाण्यातील गोगलगायीचा शंख असतो. औषधी उपयोगाच्या दृष्टीने त्यातला चुना ग्लोबोसाचा की व्हायरेन्सचा याने फारसे बिघडत नसेल, पण विषशास्त्राच्या दृष्टीने नक्कीच बिघडते. शरीरात धातू साठवण्याच्या गुणामुळे पायला पाण्याच्या प्रदूषणाची चाचणी म्हणून प्रयोगशाळेत फार वापरली जाते, आणि एका जातीची सहनशक्ती दुसरीवर लादली तर निष्कर्ष चुकतो. निफाड हा द्राक्षांचा तालुका. द्राक्षबागेत बुरशीवर वापरले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचुदापासून, म्हणजे तांब्याच्या क्षारापासून बनते, आणि तांब्याचे क्षार गोगलगायी मारण्यासाठीच अनेक देशांत वापरले गेले आहेत. बागेतून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत किती तांबे उतरते आणि ते कोणत्या जातीच्या शरीरात किती साठते, हे मोजल्याशिवाय या पाण्यातील पायलांच्या भवितव्यावर बोलता येणार नाही, आणि मोजायचे तर प्रथम जाती अचूक ओळखावी लागेल.

जाती नीट न ओळखल्याची किंमत काय असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण याच कुलातील, पण दक्षिण अमेरिकेच्या पोमेशिया या प्रजातीत घडले. पोमेशिया कॅनॅलिक्युलॅटा ही अर्जेंटिना परिसरातील नद्यांची रहिवासी 1980 च्या सुमारास तैवानमध्ये खाद्य म्हणून आणली गेली. बाजारात तिला मागणी आली नाही, पाळणाऱ्यांनी ती पाण्यात सोडून दिली, आणि काही वर्षांत फिलिपीन्स, जपान, व्हिएतनाम, थायलंड यांच्या भातशेतीत ती पसरली. कोवळी भातरोपे पाण्याच्या पातळीशी कुरतडणाऱ्या या प्राण्याला जगातील शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत स्थान मिळाले. मात्र दोन दशके ज्या प्राण्याला सरसकट कॅनॅलिक्युलॅटा म्हटले गेले, त्यात पोमेशिया मॅक्युलॅटा ही दुसरी, तिच्यासारखीच दिसणारी जातीही मिसळलेली होती. केनेथ हेज, रॉबर्ट कोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये शंख, शरीररचना, अंडी आणि जनुके यांचा एकत्रित पुरावा मांडून दोघींची ओळख निश्चित केली. दोन्ही जाती पाण्याबाहेर काड्यांवर गुलाबी अंड्यांचे घोस घालतात, पण कॅनॅलिक्युलॅटाच्या एका घोसात सरासरी अडीचशेच्या आसपास मोठी अंडी असतात, तर मॅक्युलॅटाच्या घोसात सुमारे दीड हजार लहान अंडी. पसरण्याच्या वेगाचा अंदाज बांधणाऱ्यासाठी हा फरक निर्णायक आहे. स्पेनमधील एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात 2009 मध्ये भातशेतीवर आलेले संकट मॅक्युलॅटाचे निघाले आणि युरोपीय संघाने 2012 मध्ये संपूर्ण पोमेशिया प्रजातीच्या आयातीवर बंदी घातली, कारण बंदरावरच्या तपासणी अधिकाऱ्याला जात ओळखणे शक्य नव्हते. फ्लोरिडात मॅक्युलॅटाचा प्रसार झाल्यावर केवळ गोगलगायी खाऊन जगणाऱ्या घारीच्या एका जातीच्या चोचीचा सरासरी आकार अवघ्या दशकभरात वाढल्याचे 2017 मध्ये दाखवले गेले. आग्नेय आशियात मात्र पोमेशियापुढे स्थानिक पायला मागे हटल्या.

महाराष्ट्राला आयात गोगलगायीचा अनुभव नवा नाही. आफ्रिकेची मोठी शंखी गोगलगाय विल्यम बेन्सन यांनी 1847 मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि बागेत सोडली. तिच्या वंशजांनी भारतभर मजल मारली, आणि 2022 च्या खरिपात लातूर, बीड या जिल्ह्यांत कोवळ्या सोयाबीनवर गोगलगायींच्या झुंडी पडल्याने शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, तेव्हा हा प्राणी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्या वेळी उसळलेल्या रागाचा काही भाग पाण्यातल्या निरुपद्रवी पायलावरही निघू शकतो, म्हणून दोन्ही प्राण्यांतला भेद स्पष्ट केला पाहिजे: शेतातल्या शंखी गोगलगायीचा शंख लांबट, टोकदार व तपकिरी पट्ट्यांचा असतो आणि तिला झाकण नसते, पायलाचा शंख गोल असतो आणि तिला झाकण असते.

पोमेशियाचा धोका मात्र शेतातून नव्हे, दिवाणखान्यातून येतो. मत्स्यालयाच्या दुकानांत पिवळ्याधमक, काचेवर सरकणाऱ्या ज्या गोगलगायी विकल्या जातात त्या पोमेशिया प्रजातीच्या असतात. बहुधा त्या डिफ्यूजा जातीच्या असतात, आणि ती जात भातपिकाला कॅनॅलिक्युलॅटाइतकी घातक नाही. पण विक्रेत्याला आणि खरेदीदाराला जातींतला फरक माहीत नसतो, आणि टाकी रिकामी करताना तिच्यातले प्राणी जवळच्या नाल्यात सोडण्याची सवय सर्वत्र आहे. नाशिक शहरातील नासर्डी, वाघाडी किंवा दुसरा कोणताही नाला शेवटी गोदावरीला मिळतो आणि गोदावरी नांदूर मध्यमेश्वरला. येथील स्थानिक पायला आणि परकी पोमेशिया यांना वेगळे करणाऱ्या खुणा सुदैवाने नेमक्या आहेत आणि त्यांसाठी प्रयोगशाळा लागत नाही. पायलाचे झाकण चुन्याचे व टणक, पोमेशियाचे शिंगासारखे पातळ व लवचीक. पायला पांढरी, कवचदार अंडी पाण्याबाहेर काठाच्या ओलसर मातीत, खळग्यात किंवा बांधाच्या आडोशाला, शेकड्यांनी घालते; आक्रमक पोमेशियांची अंडी गुलाबी असतात आणि उघड्यावर, भाताच्या किंवा पाणगवताच्या काडीवर, पुलाच्या खांबावर, भिंतीवर चिकटवलेली असतात. त्या गुलाबी अंड्यांत मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विषारी प्रथिन असल्याने ती खाणारे प्राणी अगदीच थोडे आहेत, त्यामुळे त्यांना रोखणारा नैसर्गिक शत्रू आपल्याकडे सापडेल या भरवशावर राहता येत नाही. पोमेशियाची श्वसननळी पायलाच्या नळीपेक्षा बरीच लांब असते, हा आणखी एक फरक, पण तो पाहायला प्राणी पाण्यात आणि निवांत असावा लागतो.

ग्लोबोसा आणि व्हायरेन्स यांच्यातला फरक या तुलनेत सूक्ष्म आहे, आणि तो पाहण्याचे प्रशिक्षण देणारा वर्गही आता आकसला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निर्देशांनुसार 2014 नंतर प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून विच्छेदन बंद होत गेले. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. हजारो पायला दरवर्षी केवळ प्रावाराची पोकळी दाखवण्यासाठी मारल्या जात होत्या. त्याच्या जागी जिवंत प्राण्याचे त्याच्या पाण्यात निरीक्षण, रिकाम्या शंखांचे मोजमाप, अंड्यांच्या जागांची नोंद आणि छायाचित्रे असा अभ्यास आला असता तर नुकसान झाले नसते, पण बहुतेक ठिकाणी त्या जागी फक्त तक्ते आले, आणि तक्त्यावर अजूनही उत्तरेतल्या ग्लोबोसाचेच चित्र आहे. त्र्यंबक ते नांदूर मध्यमेश्वर या गोदावरीच्या पट्ट्यात ठरावीक ठिकाणी, पावसाळ्याआधी आणि नंतर, शंखांची उंची-रुंदी मोजून, झाकण तपासून आणि थोड्या नमुन्यांची जनुकीय खातरजमा करून तयार केलेली यादी ही या दोन्ही जातींविषयीच्या आजच्या संदिग्धतेवरचा एकमेव उपाय आहे. तिचा खर्च अल्प आहे आणि ती जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनीच करायला हवी.

वाचकांकडून अपेक्षा याहून कमी आहे. घरच्या मत्स्यालयातील गोगलगाय कोणत्याही कारणाने नाल्यात, तळ्यात किंवा नदीत सोडू नये. नको झाल्यास ती दुकानदाराला परत करावी. पाण्याकाठच्या काडीवर किंवा भिंतीवर गुलाबी अंड्यांचा घोस दिसल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे, ठिकाण टिपावे आणि ते वन विभागाच्या कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाला त्याच दिवशी कळवावे. काठाच्या ओल्या मातीत पांढरी अंडी दिसल्यास ती आपल्या पायलाची आहेत, त्यांना हात लावू नये.